हॅरी डीन स्टँटन: त्रेसष्ट वर्षांची कारकीर्द, नायक मात्र दोनदा

शेवटची_रांग

रॉजर ईबर्ट या शिकागोच्या समीक्षकाने एक गमतीदार नियम करून ठेवला होता. हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी कोणीही एक ज्यात दुय्यम भूमिकेत आहे, तो चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. पुढे १९८९ साली 'ड्रीम अ लिटल ड्रीम' आला, त्यात स्टँटन होता, आणि आपला नियम मोडीत निघाल्याचं खुद्द ईबर्टनेच जाहीर केलं. नियम मात्र आजही लोक सांगतात. वॉल्शवर कोणीतरी स्वतंत्र धागा काढाच. मी इथे स्टँटनबद्दल लिहितो, कारण 'तो अभिनय करतच नाही, नुसता असतो' हे त्याच्याबद्दलचं नेहमीचं कौतुक मला अर्धवट वाटतं.

जन्म १४ जुलै १९२६, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्विन या गावी. वडील तंबाखू पिकवायचे, जोडीला केस कापायचे. दुसऱ्या महायुद्धात पोरगा नौदलात गेला आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका एलएसटी जहाजावर आचारी झाला. ते जहाज ओकिनावाच्या लढाईत होतं. परत येऊन लेक्सिंग्टनच्या केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओ शिकला, तिथेच रंगमंचाची गोडी लागली, आणि शिक्षण अर्धवट टाकून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाऊसमध्ये दाखल झाला. टीव्हीवर पहिलं काम १९५४, चित्रपटात १९५७. हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट होता, म्हणून सुरुवातीची कित्येक वर्षं हा श्रेयनामावलीत नुसता 'डीन स्टँटन'.

आता हे टीव्हीवरचं काम म्हणजे काय होतं ते नीट पाहायला हवं. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर काऊबॉय मालिकांचं पीक आलं होतं. 'गनस्मोक' एकटीच १९५५ ते १९७५ चालली, ६३५ भाग झाले. सुरुवातीच्या वर्षांत एका हंगामात ३९ भाग पडायचे. म्हणजे दर आठवड्याला नवा गुन्हेगार, नवा साक्षीदार, नवा दारुडा, नवा घोडेचोर हवा. मार्शल तोच, मरणारे वेगळे. स्टँटन या मालिकेत वेगवेगळ्या नावांनी पुन:पुन्हा आला. 'रॉहाइड'मध्ये आला, 'बोनान्झा'त आला. चेहरा खप्पड, डोळे खोल, आवाजात केंटकीचा हेल. असा माणूस दिग्दर्शकाला पहिल्या मिनिटाला 'वाईट' म्हणून दाखवता येतो, वेगळं काही सांगावं लागत नाही. दहा-बारा वर्षं त्याने हेच केलं.

मग येतो १९६६ चा 'राइड इन द व्हर्लविंड'. पटकथा जॅक निकल्सनची, दिग्दर्शन माँटी हेलमनचं. निकल्सन आणि स्टँटन जुने दोस्त. काही काळ एकाच घरात राहिलेले, १९६२ साली निकल्सनच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखाही स्टँटनच. निकल्सनने त्याला एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दरोडेखोराची भूमिका दिली आणि बजावलं की तू काहीही करू नकोस, अभिनय तुझे कपडे करतील. आपल्याला खरी दिशा तिथे मिळाली, असं स्टँटन पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

हा किस्सा सगळे सांगतात आणि 'बघा, काही न करणं हीच कला' म्हणून मोकळे होतात. पण हा सल्ला मिळाला तेव्हा गडी कॅमेऱ्यासमोर बारा वर्षं उभा होता! उजेड कुठून येतोय, भिंग कोणतं लावलंय, समोरच्या नटाचं वाक्य कधी संपणार, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. नवशिक्याला सांगा 'काही करू नकोस', तो खांबासारखा उभा राहील.

पुरावा म्हणून एकच प्रसंग देतो. 'स्ट्रेट टाइम', १९७८, दिग्दर्शक उलू ग्रोसबार्ड. डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेला चोर, स्टँटन त्याचा जुना साथीदार जेरी. जेरी आता सुधारलाय. घर आहे, बायको आहे, पोहण्याचा तलाव आहे, अंगणात शेगडीवर मांस भाजणं चाललंय. हॉफमन विचारपूस करतो, हा गोडगोड बोलतो, बायको शेजारी. ती आत जाते. आणि स्टँटन त्याच चेहऱ्याने, आवाज किंचित खाली आणून, मला इथून बाहेर काढ म्हणतो. बस. आधीच्या सगळ्या गोडव्याचा अर्थ एका वाक्यात उलटतो. याला 'नुसता असणं' म्हणायचं?

मजा म्हणजे त्याच चित्रपटात वॉल्शही आहे, पॅरोल अधिकाऱ्याच्या भूमिकेत. ईबर्टच्या नियमाचे दोन्ही खांब एकाच छपराखाली.

खारी_आणि_चहा

वाचनखूण साठवली. मला हा माणूस 'एलियन'मुळे माहीत होता, पण नाव आत्ता कळलं. टोपी आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेला ब्रेट. याफेट कोटो आणि तो, दोघं इंजिनखोलीतले कामगार. वरच्या लोकांना जास्त वाटा आणि आम्हाला कमी का, यावर कोटो वाद घालतो आणि ब्रेट प्रत्येक वेळी नुसतं 'राइट' म्हणतो. अख्ख्या अंतराळयानात हे दोघंच मला खरे वाटले, बाकीचे चित्रपटातले.

आणि मरण्याआधीचा तो प्रसंग! मांजर शोधायला जातो, वरून साखळ्या लोंबतायत, पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो, तोंड वर करतो आणि पाणी चेहऱ्यावर पडू देतो. भयपटात मरणाच्या आधी इतका निवांत क्षण मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शेवटची_रांग

@खारी, त्याचा किस्सा आहे. 'एलियन'चा दिग्दर्शक रिडली स्कॉट, त्याला याने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की मला विज्ञानपट आवडत नाहीत आणि राक्षसांचे चित्रपटही आवडत नाहीत. काम मागायला गेलेल्या माणसाने!

उलटा_चष्मा

लेख चांगला आहे, पण थोडं विरुद्ध मत नोंदवतो. हयातीत ज्याला कोणी नावाने ओळखत नव्हतं त्याला मेल्यावर संतपदाला पोचवायचं ही समीक्षकांची जुनी खोड आहे. मी याचे सात-आठ चित्रपट पाहिलेत. सगळीकडे तोच सुकलेला चेहरा, तीच सिगारेट, तोच खालचा सूर. 'रेपो मॅन'मध्ये तो, 'प्रिटी इन पिंक'मध्ये मॉली रिंगवॉल्डचा खचलेला बाप तोही तो, 'रेड डॉन'मध्ये छावणीच्या कुंपणाआडून पोरांना 'माझा सूड घ्या' म्हणून ओरडणारा बापही तोच. याला व्याप्ती म्हणत नाहीत.

आणि ज्याचं एवढं कौतुक होतं त्या 'पॅरिस, टेक्सस'बद्दल मला नैतिक अडचण आहे. स्टँटनने केलेला नायक ट्रॅव्हिस हा बायकोला छळणारा माणूस आहे. तिच्या पायात घंटा बांधतो, पळून जाऊ नये म्हणून तिला चुलीला बांधून ठेवतो. आणि आपण दोन तास राय कूडरची गिटार ऐकत त्याच्यासाठी हळहळतो.

मोहरीची_फोडणी

+१ उलटा_चष्मा. शिवाय चित्रपट फार संथ आहे. पहिली वीस-पंचवीस मिनिटं नायक तोंडच उघडत नाही.

शेवटची_रांग

आलं का शेवटी 'पॅरिस, टेक्सस'वर! मूळ लेखात मुद्दाम टाळलं होतं, कारण स्टँटनवरचे सगळे लेख तिथूनच सुरू होतात.

@उलटा_चष्मा, तुम्ही म्हणता ते चित्रपट लपवत नाही. घंटेची आणि चुलीची गोष्ट आपल्याला कळते ती ट्रॅव्हिसच्याच तोंडून. तो प्रसंग आठवा. एकतर्फी आरसा, मध्ये फोन. बायको झालेली नास्तास्या किन्स्की पलीकडच्या खोलीत, तिला हा दिसत नाही. तो खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि 'मी दोन माणसांना ओळखत होतो' अशा सुरात आपलीच गोष्ट तिऱ्हाइताची म्हणून सांगायला लागतो. अभिनेत्याकडे शिल्लक काय राहिलं? समोरच्याचा चेहरा नाही, हालचाल नाही, रडारड नाही. हातात फोन आणि आवाज. आणि त्या आवाजात स्टँटन कुठेही माफी मागत नाही. एखाद्या नामांकित नायकाने तिथे डोळे भरून आणले असते आणि आपण त्याला माफ केलं असतं. हा तसं होऊ देत नाही. म्हणून तर शेवटी मायलेकरांची भेट घडवून तो निघून जातो, स्वतः त्या घरात येत नाही.

ही भूमिका त्याच्याकडे कशी आली तेही सांगण्यासारखं आहे. चित्रपटाचा पटकथाकार सॅम शेपर्ड याच्याशी गप्पा मारताना स्टँटनने कैफियत मांडली होती की मला तेच तेच करून वीट आलाय, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय. शेपर्डने पुढे ट्रॅव्हिस त्याला देऊ केला. वय ५७. १९८४ च्या कान महोत्सवात विम वेंडर्सच्या या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पाम दोर. म्हणजे 'मी कसा छोट्या कामांत समाधानी' ही जी साधुसंताची प्रतिमा आहे ना, ती पुरती खरी नाही. माणसाला मोठी भूमिका हवी होती. तीस वर्षं मिळाली नाही.

बायूकाठची

मी ह्यूस्टनला असते, म्हणून राहवत नाही. सगळ्यात गमतीची गोष्ट कोणी लिहिलीच नाही: या चित्रपटात पॅरिस गाव दिसतच नाही! गाव खरंच आहे, राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात. ट्रॅव्हिसच्या खिशात तिथल्या रिकाम्या जमिनीच्या तुकड्याचा फोटो तेवढा आहे. सुरुवातीला तो लाल टोपी घालून जिथून चालत येतो तो भाग पार दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून, बिग बेंडकडे. आमच्याकडून गाडीने गेलं तरी अख्खा दिवस मोडतो. तिथल्या उन्हात कोट-टाय घालून चालणारा माणूस दाखवला की संवादाची गरज उरत नाही.

दुसरं म्हणजे गाणं. याच चित्रपटाच्या संगीतात 'कान्सियोन मिक्स्तेका' हे मेक्सिकन गाणं आहे, घर सोडून दूर आलेल्याचं, ते स्टँटनने स्वतः स्पॅनिशमध्ये गायलंय. त्याचा स्वतःचा बँड होता, लॉस एंजेलिसच्या बारमध्ये कंट्री आणि मेक्सिकन गाणी म्हणायचा. 'कूल हँड ल्यूक'मध्ये पॉल न्यूमनची आई भेटायला येते तेव्हा मागे गिटारवर भजन चाललंय ना, तो आवाज याचाच. इथे परदेशात बसून 'कान्सियोन मिक्स्तेका' ऐकणं जरा जड जातं, एवढंच सांगते.

हिशेबनीस

कलेवर सगळे बोलतायत, पोटावर कोणी बोलत नाही. त्रेसष्ट वर्षं लहान भूमिकांवर माणूस जगला कसा, यामागे एक व्यवस्था होती. १९६० साली अमेरिकेतल्या पडद्यावरच्या नटांच्या संघटनेने संप केला. तेव्हा अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. जुने चित्रपट टीव्हीवर विकून स्टुडिओ पैसे करत होते आणि नटांच्या हाती काही लागत नव्हतं. संपातून मिळालं ते असं: १९६० पासून पुढच्या चित्रपटांच्या टीव्ही-प्रक्षेपणातून नटांना वाटा, आणि निवृत्तिवेतन व आरोग्यविमा यांचा निधी. आधीच्या चित्रपटांवर पाणी सोडावं लागलं, त्याबद्दल निर्मात्यांनी निधीत एकरकमी भर घातली. बड्या नटांचं एकवेळ याविना चाललं असतं. दिवसाच्या मजुरीवर दोन वाक्यं बोलून जाणाऱ्यांना मात्र यामुळेच या धंद्यात म्हातारं होता आलं.

टुकारघोडा

'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातही आहे ना हा? की मी डीन स्टॉकवेलशी गल्लत करतोय?

हिशेबनीस

आहे. माफियाविरुद्ध साक्ष देणाऱ्या पेंटान्जेलीला पहाऱ्यात ठेवलेलं असतं तिथला एफबीआयचा माणूस. डीन स्टॉकवेल वेगळा, तो 'पॅरिस, टेक्सस'मध्ये स्टँटनचा भाऊ झालाय. दोघांत 'डीन' सामाईक, त्यामुळे बरेच जण घसरतात.

पोपटी_रंगाची_गोष्ट

आपल्याकडचे ए. के. हंगल आठवले. तेही पन्नाशीच्या आसपास चित्रपटांत आले आणि...

टुकारघोडा

अवांतर सुरू झालं. हंगलांचा धागा वेगळा काढा, येतो तिकडे.

काजळमाया_नव्हे

@उलटा_चष्मा, व्याप्ती नाही म्हणता तर 'बिग लव्ह' बघा. एचबीओची मालिका, २००६ ते २०११. स्टँटन ऐंशीच्या घरात. त्यात तो रोमन ग्रँट, युटातल्या एका बहुपत्नीक पंथाचा स्वयंघोषित प्रेषित. चौदा बायका, शिवाय एक कोवळी मुलगी वाग्दत्त. आवाज तोच, खालचा. चेहरा तोच, सुकलेला. पण इथे त्या शांतपणाची भीती वाटते. 'पॅरिस, टेक्सस'मध्ये जो माणूस गप्प बसला की आपल्याला कीव येते, तोच इथे गप्प बसला की आता कोणाचं तरी वाटोळं होणार हे कळतं. साधन एकच, परिणाम उलटा. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याला मारलं आणि माझ्या मते मालिकेतला जीव तिथे गेला.

प्रत्यक्षात हा माणूस धर्मबिर्म न मानणारा, ताओ आणि बौद्ध विचारांकडे झुकलेला. स्कॉर्सेसीच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'मध्ये त्याला सेंट पॉल केलंय ते म्हणूनच भारी. येशू समोर उभा राहून सांगतो की मी मेलोच नव्हतो, तू खोटा प्रचार करतोयस. आणि पॉल त्यालाच सुनावतो की लोकांना गरज आहे ती माझ्या येशूची, तू असलास काय नि नसलास काय. फिरत्या विक्रेत्याच्या थाटात म्हणतो हे.

उलटा_चष्मा

रोमन ग्रँट पाहिलेला नाही, त्यामुळे त्यावर गप्प बसतो. पॉलचा प्रसंग जबरदस्त आहे हे खरं. पण मग माझा प्रश्न वेगळा होतो: हे सगळं येत होतं तर ऑस्करचं साधं नामांकनही का नाही? अख्ख्या कारकिर्दीत एकही नाही.

शेवटची_रांग

कारण नामांकनाला भाषण लागतं. मोडून पडण्याचा एक प्रसंग लागतो, जो समारंभात तीस सेकंद दाखवता येईल. स्टँटनचं काम तीस सेकंदांत दाखवाल तर एक म्हातारा बसलाय एवढंच दिसेल.

'द स्ट्रेट स्टोरी' घ्या, डेव्हिड लिंचचा, १९९९. ॲल्विन स्ट्रेट नावाचा खराखुरा म्हातारा आयोवातल्या लॉरेन्सहून विस्कॉन्सिनपर्यंत, सुमारे २४० मैल, गवत कापायच्या यंत्रावर बसून जातो, कारण वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला झटका आलाय. पूर्ण चित्रपटभर आपण त्या भावाची वाट पाहतो. शेवटची दोन-तीन मिनिटं भाऊ दिसतो: स्टँटन. ओसरीवर बसतात. तो त्या यंत्राकडे बघतो, विचारतो की एवढ्या लांब या गोष्टीवर बसून मला भेटायला आलास? ॲल्विन म्हणतो, हो. संपलं. त्या दोन मिनिटांत चुकीचा नट असता तर आधीचे शंभर मिनिटांचे श्रम वाया गेले असते. लिंचला हे पक्कं ठाऊक होतं.

आणि ॲल्विन झालेला रिचर्ड फार्न्सवर्थ हाही त्याच रांगेतला. उमेदीची तीस-चाळीस वर्षं घोड्यावरून पडण्याची कामं केली, मग कुठे संवाद मिळाले. या भूमिकेसाठी त्याला ७९ व्या वर्षी नामांकन मिळालं. चित्रीकरण चालू असताना कर्करोग होता.

बायूकाठची

लिंचच्या चित्रपटांत तो घरचाच. 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी'मध्ये चाकांवरच्या घरांच्या (ट्रेलर) वसाहतीचा मालक कार्ल रॉड. तपास अधिकाऱ्यांशी बोलता बोलता मध्येच थबकतो आणि म्हणतो, मी खूप ठिकाणी जाऊन आलोय, आता आहे तिथेच राहायचंय. कथेशी काडीचा संबंध नाही! पंचवीस वर्षांनी, २०१७ च्या मालिकेत तोच कार्ल परत येतो, गिटारवर 'रेड रिव्हर व्हॅली' म्हणतो. तेव्हा तो नव्वदीचा होता.

खारी_आणि_चहा

'ॲव्हेंजर्स'मध्ये पण आहे!! हल्क आकाशातून गोदामात कोसळतो, कपडे फाटलेले, आणि म्हातारा पहारेकरी त्याच्याशी असा बोलतो की जणू दर मंगळवारी कोणीतरी पडतंच. चित्रपटगृहात लोक हसले होते, नाव कोणालाच माहीत नव्हतं.

काजळमाया_नव्हे

'लकी'बद्दल कोणी लिहिणार आहे की नाही? शीर्षकात 'दोनदा' म्हटलंय, दुसरा तो.

शेवटची_रांग

लिहितोच. २०१७ चा चित्रपट. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच, डेव्हिडशी नातं नाही. तोही लहान भूमिकांतलाच नट ('फार्गो'मधला फ्रान्सिस मॅकडॉर्मंडचा टपालाच्या तिकिटांसाठी चित्रं काढणारा नवरा). हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. पटकथाकार दोघं, लोगन स्पार्क्स आणि ड्रागो सुमोन्जा. स्पार्क्स बरीच वर्षं स्टँटनचा सहायक होता, त्यामुळे स्टँटनचंच आयुष्य लकीला चिकटवलंय: नौदलात आचारी, लग्न नाही, शब्दकोडी, सिगारेट. सकाळी बनियन-चड्डीवर योगासनं, मग थंड दूध. डॉक्टर त्याला सांगतात की तुला काहीही झालेलं नाही, तू फक्त म्हातारा झालायस, आणि आता सिगारेट सोडलीस तर उलट अपायच व्हायचा.

डेव्हिड लिंच त्यात नट म्हणून आहे, 'प्रेसिडेंट रूझवेल्ट' नावाचं त्याचं कासव हरवलंय. टॉम स्केरिट येतो, 'एलियन'मधला कप्तान, आणि दोन म्हातारे युद्धाच्या आठवणी काढतात. वाढदिवसाच्या घरगुती जेवणात लकी एकाएकी 'वोल्वेर, वोल्वेर' म्हणायला लागतो आणि मागचे वादक हळूहळू साथ धरतात. कथानक म्हणाल तर एवढंच.

स्टँटन १५ सप्टेंबर २०१७ ला गेला, ९१ व्या वर्षी. 'लकी' अमेरिकेत दोन आठवड्यांनी लागला.

मोहरीची_फोडणी

हा 'पॅरिस, टेक्सस'पेक्षा वेगवान आहे का?

टुकारघोडा

कासवाचा चित्रपट आहे हो, किती वेगवान असणार!

पोपटी_रंगाची_गोष्ट

सोफी ह्यूबरचा 'पार्टली फिक्शन' हा माहितीपटही मिळाला तर बघा, २०१२ चा. लिंच त्याला विचारतो, लोकांनी तुला कसं लक्षात ठेवावं? हा म्हणतो, काही फरक पडत नाही. अर्धाअधिक माहितीपट तो प्रश्न टाळतो आणि गाणी म्हणतो. मुलाखतकाराची कीव येते.

उलटा_चष्मा

बरं, 'स्ट्रेट टाइम' मिळवलाय, आज लावतो. तो अंगणातला प्रसंग किती वेळाने येतो? सकाळी सहाची पाळी आहे, सगळा होईल असं वाटत नाही.

शेवटची_रांग

पुढे पळवू नका, मजा जाईल. वॉल्श आधी येतो, त्याला बघत बसा. आणि वॉल्शचा धागा तुम्हीच काढा, तिथे मी उलटा चष्मा लावून येतो.